पर्वसमाप्तीचे सुतक कसे पाळावे

भुताखेतांच्या मालिकेच्या पर्वाचा शेवटचा भाग संपला की आपले पहिले कर्तव्य संतापणे हे असते. संताप नेमका कशाबद्दल आहे हे सावकाश ठरवता येते. मात्र श्रेयनामावली सुरू होण्यापूर्वी निषेध नोंदवलेला असला पाहिजे. जो प्रेक्षक उठून पाणी पितो, रात्रभर शांत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ‘तसे बरे होते’ असे म्हणतो, त्याने ती मालिका मनापासून कधी पाहिलीच नव्हती असे मानण्याचा प्रघात आहे, आणि तो आपण मोडू नये.

अभ्यासासाठी ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेइतकी सोयीची मालिका दुसरी नाही. सप्टेंबर २००५ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०२० मध्ये संपलेली ही मालिका १५ पर्वे आणि ३२७ भाग चालली, म्हणजे सुतक पाळण्याचा सराव तिने आपल्याला पंधरा वेळा दिला. कॅन्सस राज्यातील लॉरेन्सचे डीन आणि सॅम विंचेस्टर हे दोघे भाऊ १९६७ सालच्या काळ्या शेव्हरोले इम्पाला गाडीतून गावोगाव हिंडतात, भुतांच्या हाडांवर मीठ टाकून ती जाळतात, आणि पर्व संपत आले की दोघांपैकी एकजण मरतो, नरकात जातो किंवा जगबुडी ओढवून घेतो. (मीठ आपल्याकडे दृष्ट काढण्यासाठी लागते आणि तिकडे भूत काढण्यासाठी; आपल्या आजीला त्या धंद्यात विनामुलाखत घेतले असते.)

शोक करताना पूर्वानुभव आड येऊ देऊ नये. २००६ साली पहिल्या पर्वाच्या शेवटी ट्रकने गाडीला धडक दिली आणि बापलेक तिघेही निपचित पडलेले दिसले, तेव्हा प्रेक्षकांनी तिघांचीही आशा सोडली होती, हे क्षम्य आहे. पण २००८ च्या मे महिन्यात नरकाच्या कुत्र्यांनी डीनला फाडले आणि सप्टेंबरात तो स्वतःच्याच थडग्यातून हातांनी माती उकरत बाहेर आला, यानंतरही आपण प्रत्येक मरण पहिलेच असल्यासारखे रडायचे असते. त्याच तिसऱ्या पर्वात एका भागापुरता तोच मंगळवार पुन्हा पुन्हा उगवतो आणि डीन शंभरावर वेळा मरतो. कास्टिएल नावाचा देवदूत तर इतक्यांदा मेला आणि इतक्यांदा उठला की त्याच्या पिंडाला कावळा शिवण्यापूर्वीच पुढच्या पर्वाची जाहिरात येत असे. हे सारे ठाऊक असूनही ज्याला हुंदका आवरत नाही तोच खरा चाहता होय.

यानंतर मालिका कोठे संपायला हवी होती हे सांगावे. उत्तर ठरलेले आहे: पाचव्या पर्वात. एरिक क्रिपकी या निर्मात्याने पाच पर्वांचीच कथा योजली होती, आणि १३ मे २०१० रोजी सॅम हा ल्युसिफर या सैतानाला स्वतःच्या देहात कोंडून पाताळातल्या पिंजऱ्यात उडी घेतो तेथे ती योजना पुरीही झाली. तेव्हा ‘पाचव्या पर्वानंतर सारे बिघडले’ हे वाक्य प्रत्येक प्रसंगी उच्चारावे आणि उरलेली दहा पर्वे एकही भाग न चुकवता पाहावीत, कारण बिघाडाला साक्षीदार लागतो. त्याच भागात चक नावाचा लेखक, शेवट करणे जवळजवळ अशक्य असते, त्यात भोके राहतातच आणि चाहते कुरकुर करतातच, असे सुचवून जातो. हा आपला वैयक्तिक अपमान समजावा व त्यावर कुरकुर करावी.

या चकचे पुढे जे झाले त्याकडे मात्र आपण बारकाईने पाहू नये, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. हा लेखक म्हणजे प्रत्यक्ष देवच, हे हळूहळू उघड होते. आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये चौदावे पर्व संपताना कळते की, या दोघा भावांची दुःखे तो केवळ कथानक रंगावे म्हणून रचत आला आहे; शोकांतिका देखणी व्हावी यासाठी त्याला एका भावाच्या हातून दुसऱ्याचा जीव हवा आहे हे पुढे उघड होते. पंधरावे पर्व हा त्याच्याविरुद्धचा लढा आहे. १२ नोव्हेंबर २०२० रोजी दाखवलेल्या भागात त्याची शक्ती हिरावली जाते आणि तो साधा माणूस होऊन रस्त्यावर उरतो. पात्रांवर आपल्या आवडीचा शेवट लादणाऱ्या या लेखकाच्या पाडावाबद्दल आपण मनमुराद टाळ्या वाजवाव्यात, आणि टाळ्या वाजवून होताच पुढच्या गुरुवारी पात्रांवर लादण्यासाठी आपल्या आवडीचा शेवट मजकुरासह तयार ठेवावा.

कारण १९ नोव्हेंबरला काय झाले? ज्या डीनने हिटलरला गोळी घातली होती आणि साक्षात मृत्यूला त्याच्याच कोयत्याने ठार केले होते, तो मुखवटे घातलेल्या रक्तपिपासूंशी झटापट करताना एका कोठारातल्या खांबाच्या लोखंडी सळईवर आदळला आणि मेला. सॅमने त्याची चिता रचली, आणि या खेपेस कोणीही त्याला उठवले नाही. प्रेक्षक खवळले. चौदा वर्षे त्यांची तक्रार होती की, या मालिकेत कोणी खरे मरतच नाही, त्यामुळे मरणाला किंमत उरलेली नाही. आता तक्रार अशी झाली की, हा खरोखरच का मेला आणि तेही इतक्या क्षुल्लक कारणाने. दोन्ही तक्रारी एकाच निवेदनात मांडण्यास हरकत नाही, फक्त परिच्छेद वेगळे ठेवावेत.

शेवटच्या भागात म्हातारा होऊन दिसणाऱ्या सॅमच्या डोक्यावरील पांढऱ्या केसांच्या टोपाविषयीचा संताप मात्र प्रामाणिक ठेवावा. मार्चमध्ये थांबलेले चित्रीकरण ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाले आणि स्वर्गात जुनी पात्रे जमवण्याचा बेत महामारीमुळे सोडावा लागला हे खरे असले, तरी टोपाला विषाणूची बाधा झाल्याचे कोठेही आढळत नाही. सॅमची पत्नी पार्श्वभूमीवर पुसट ठिपक्याएवढीच दिसते, तिला नावही नाही; तो मुद्दा सोडून टोपावर अधिक बोलले गेले, हेही परंपरेला धरूनच आहे.

प्राधान्यक्रम कसा ठेवावा याचा धडा त्याच नोव्हेंबरच्या ५ तारखेने घालून दिलेला आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाची मतमोजणी अडकून पडली होती, पुतिन पायउतार होणार अशी एक अफवा फिरत होती, आणि त्याच रात्री कास्टिएलने डीनवरील आपले प्रेम कबूल केले व पुढच्याच क्षणी तो काळ्या पोकळीत गडप झाला. या तिन्ही गोष्टींत जगाच्या दृष्टीने मोठी कोणती, असा प्रश्न पडणाऱ्याने चाहतेपणाचा राजीनामा द्यावा. शेवटच्या भागात तो देवदूत दिसलाच नाही, केवळ त्याचा उल्लेख झाला आणि डीन किंचित हसला. त्या हसण्यावर आपण निदान वर्षभर बोलावे.

सुतक फिटण्यापूर्वी ‘आता असली मालिका पुन्हा पाहणार नाही’ अशी शपथ घेणे आवश्यक असते. शपथ ऑक्टोबर २०२२ पर्यंत टिकवावी, कारण तेव्हा या भावांच्या आईवडिलांच्या तरुणपणाची ‘द विंचेस्टर्स’ ही मालिका सुरू झाली. तिचे तेराव्या भागातच आटोपले, आणि दुसरे पर्व मिळावे म्हणून चाहत्यांनी मोहीम काढली. अशा मोहिमेत आपण हिरिरीने सामील व्हावे. न मिळालेल्या त्या पर्वाचा शेवट कसा फसला असता, याचे टिपण आपल्याजवळ तयार असेलच.