चार्ल्स हायर्स आणि रूट बिअर : एका प्रतिक्रियेला उत्तर

मुळ्या-पाल्यांपासून होणारे ‘रूट बिअर’ हे फसफसणारे पेय अमेरिकेत घरोघर विकणारे औषधविक्रेते चार्ल्स एल्मर हायर्स यांच्यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया परखड आहे आणि तिच्यातले प्रश्न टाळण्यासारखे नाहीत, म्हणून दोन ओळींत आभार मानून न थांबता हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे : हायर्स यांनी काहीही शोधले नाही, शेतकऱ्यांच्या घरांत होत आलेले पेय त्यांनी पुडीत भरून विकले, मद्यपानविरोधी चळवळीचा आधार घेत असतानाच त्या पेयाला ‘बिअर’ म्हणवून लोकांची दिशाभूल केली, ‘रक्त शुद्ध होते’ असे छापून गिऱ्हाइकांना औषधाची आशा दाखवली, आणि हा माणूस खरोखरच एवढा मोठा असता तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक का नसते? एवढ्यावरून माझा लेख आपल्याला ‘जाहिरातदाराची आरती’ वाटला.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती मला पूर्णपणे मान्य आहे. ससाफ्रास, सार्सापरिला, विंटरग्रीन अशा मुळ्या-पाल्यांचे काढे अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि नंतरचे वसाहतवाले हायर्स यांच्या जन्माच्या, म्हणजे १८५१ च्या, फार पूर्वीपासून करत होते. परंतु हे पेय आपण शून्यातून निर्माण केले, असे हायर्स सांगत नव्हते. त्यांच्याविषयी जी कथा नेहमी सांगितली जाते, तिच्यातही पाककृती न्यू जर्सीतल्या एका घरमालकिणीची आहे आणि ‘रूट बिअर’ हे नाव सुचवण्याचे श्रेय पुढे टेंपल विद्यापीठ स्थापन करणाऱ्या रसेल कॉन्वेल यांना दिलेले आहे. हायर्स यांच्या मनात ‘रूट टी’ हे नाव होते. पेनसिल्व्हेनियातले कष्टकरी खाणकामगार चहाच्या नावाने येणारे पेय हाती धरणार नाहीत, असे कॉन्वेल यांनी त्यांना सांगितले.

हायर्स यांचे स्वतःचे कसब नेमके कशात होते, हे त्यांच्या आयुष्यातील आधीच्या एका प्रसंगातून अधिक स्पष्ट होते. बाराव्या वर्षी औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागलेला हा मुलगा पुढे फिलाडेल्फियात आला आणि तरुणपणीच स्वतःच्या दुकानाचा मालक झाला. एके दिवशी एका इमारतीच्या तळघराचे खोदकाम चालू असताना बाहेर पडणारी चिकट माती त्यांनी पाहिली आणि ती फुलर्स अर्थ, म्हणजे आपण जिला मुलतानी माती म्हणतो ती, असल्याचे ओळखले. कंत्राटदाराला ती टाकून द्यायचीच होती, त्यामुळे त्याने ती आनंदाने फुकट दिली. तेलाचे आणि चरबीचे डाग काढण्यासाठी ही माती त्या काळी सुटी, कमीजास्त वजनाने विकली जात असे. हायर्स यांनी तिच्या सारख्या मापाच्या वड्या पाडल्या, त्यांवर आपले नाव उमटवले आणि घाऊक औषधविक्रेत्यांना विकल्या. माती तीच राहिली. पण माप ठरले, बांधणी ठरली आणि मालाला विक्रेत्याचे नाव मिळाले. याला आपण शोध म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. पण व्यापारात हे काम क्षुल्लक नसते, कारण ज्या मालावर नाव उमटलेले आहे त्याच्या दर्जाची जबाबदारीही त्या नावावर येते.

रूट बिअरच्या बाबतीत त्यांनी हेच केले, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. २५ सेंटच्या पुडीत वाळवलेल्या मुळ्या, साली आणि पाने असत. घरच्या बाईने ती उकळून गाळायची, साखर व यीस्ट घालायचे आणि बाटल्या भरून उबदार जागी ठेवायच्या, की पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, फसफसणारे पेय तयार होई. त्या काळच्या परिस्थितीत या रचनेचे महत्त्व फार मोठे होते. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट १८९२ साली घेतले. त्याआधी वायू भरलेली बाटली दूरवर नेणे खर्चाचे आणि बेभरवशाचे होते, म्हणून सोडा-लेमनेडचे धंदे आपापल्या गावापुरते मर्यादित राहत. पुडीला हा अडथळा नव्हता. पाणी, साखर, बाटली आणि मेहनत ही सगळी गिऱ्हाइकाच्या घरची असल्यामुळे ती टपालानेही जाऊ शकत होती. साहजिकच, जिथवर वर्तमानपत्र पोहोचेल तिथवर मालही पोहोचवता येत होता.

फिलाडेल्फियाच्या ‘पब्लिक लेजर’ या वृत्तपत्राचे मालक जॉर्ज चाइल्ड्स यांनी हायर्स यांना जाहिरात करण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यासाठी पैसे नाहीत असे उत्तर त्यांना मिळाले. त्यावर चाइल्ड्स यांनी, जाहिराती छापत राहा आणि हायर्स स्वतः मागतील तेव्हाच बिल पाठवा, असे आपल्या माणसांना सांगितले. ही हकीकत हायर्स यांनी उतारवयात स्वतः सांगितली आहे. माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातला हा सर्वांत महत्त्वाचा वळणबिंदू आहे. डॉक्टर पेपर हे पेय १८८५ मध्ये आणि कोका-कोला १८८६ मध्ये आले; त्यांच्या आधी जवळजवळ दहा वर्षे हायर्स पेयाची जाहिरात सातत्याने करत होते. लेखात हायर्स यांच्यासाठी ‘आद्य’ हे विशेषण मी याच अर्थाने वापरले आहे आणि ते मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हायर्स मद्यपानाच्या कडक विरोधात होते आणि त्यांच्या जाहिरातींत या पेयाला उघडपणे ‘टेंपरन्स ड्रिंक’, म्हणजे दारू टाळणाऱ्यांचे पेय, म्हटले जाई. परंतु यीस्टने साखर आंबवली की वायूबरोबर थोडे अल्कोहोल तयार होतेच. हाच मुद्दा धरून विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन या स्त्रियांच्या मद्यपानविरोधी संघटनेने १८९५ मध्ये हायर्स यांच्या पेयावर बहिष्कार पुकारला. मराठी वाचकाला ही संघटना अगदीच परकी नाही. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये याच फिलाडेल्फिया शहरात गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे या संघटनेशी जोडल्या गेल्या आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेच्या वृत्तांतात संघटनेच्या कार्याचे मोठ्या आदराने वर्णन आहे. त्या स्त्रियांनी दारूमुळे उद्ध्वस्त झालेले संसार जवळून पाहिले होते, त्यामुळे त्यांची शंका मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. बहिष्कार १८९८ पर्यंत चालला. अखेर रासायनिक तपासणी झाली आणि या पेयातील अल्कोहोल पावाच्या अर्ध्या लादीत असते तेवढेच असल्याचा निष्कर्ष निघाला, तेव्हा संघटनेने माघार घेतली आणि हायर्स यांनी तो निष्कर्ष जाहिरातींतून सर्वत्र पोहोचवला.

याला आपण फसवणूक म्हणता. मला तसे वाटत नाही. जिंजर बिअर, स्प्रूस बिअर अशी नावे त्या समाजात घरगुती पेयांना आधीपासून होती, त्यामुळे नावावरून कोणी मद्य समजून पुडी विकत घेतली असेल हे संभवत नाही. शिवाय ती उकळण्यापासून बाटलीत भरण्यापर्यंतचे सारे काम गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने करत असे. हायर्स यांचा हेतू खाणीतून परतणाऱ्या माणसाला दारूऐवजी दुसरे काही पाजण्याचा होता आणि त्या माणसाच्या तोंडी बसणारे नाव त्यासाठी आवश्यक होते. मात्र ‘टेंपरन्स’ हा शब्द छापणाऱ्या विक्रेत्याने अल्कोहोलचा आकडा बहिष्काराच्या आधीच ठळकपणे लोकांसमोर ठेवायला हवा होता, एवढे मी निश्चित म्हणेन.

रक्तशुद्धीच्या दाव्याबाबत आपण आणि मी एकाच बाजूला आहोत. दुकानांतून वाटल्या जाणाऱ्या त्या सुंदर रंगीत कार्डांवर एका बाजूला गोंडस मुले असत आणि दुसऱ्या बाजूला हे पेय रक्त शुद्ध करते असा मजकूर असे. त्या काळी सगळेच औषधविक्रेते असे लिहीत, ही सबब मी पुढे करणार नाही. ससाफ्रासमधील सॅफ्रोल या घटकामुळे प्रयोगातील प्राण्यांना यकृताचा कर्करोग होतो असे पुढे आढळले आणि १९६० मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांतील त्याच्या वापरावर बंदी आली. हायर्स १९३७ मध्येच वारले होते, तेव्हा या अज्ञानाचा दोष त्यांना देता येत नाही. पण आपल्या पुडीने कोणाचे रक्त शुद्ध होते हेही त्यांना ठाऊक नव्हते, आणि तरीही त्यांनी ते आजारी माणसांच्या हाती पडणाऱ्या कागदावर छापले. तीच जाहिरात चव, किंमत आणि पाच गॅलनचे माप एवढ्यावरही चालली असती, म्हणून तर हा दावा मला अधिक खटकतो.

राहिला प्रश्न विस्मरणाचा. दातेरी झाकण सर्वत्र रुळले, तयार बाटली स्वस्त झाली आणि घरी यीस्ट घालून दोन-चार दिवस वाट पाहण्याचे कारण उरले नाही. हायर्स यांनी १८८४ मध्ये सोडा फाउंटनसाठी, म्हणजे पेल्यातून सोड्याची पेये देणाऱ्या दुकानांसाठी, द्रव अर्क आणला होता, १८९३ पासून तयार बाटल्याही विकल्या. तरी त्यांच्या धंद्याचे हृदय बराच काळ घरगुती अर्कातच होते. १८९९ मध्ये कोका-कोलाच्या एसा कँडलर यांनी बाटल्या भरण्याचे हक्क टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहराच्या दोन वकिलांना अवघ्या एका डॉलरला दिले. सरबताचा अर्क कंपनीने पाठवायचा आणि पाणी, बाटली व भांडवल स्थानिक माणसाने घालायचे, अशी ती व्यवस्था होती. हायर्स यांच्या पुडीतही पाणी आणि बाटली गिऱ्हाइकाचीच होती; कँडलर यांच्या व्यवस्थेत गृहिणीच्या जागी गावातला बाटलीवाला आला आणि पुढचे शतक त्याच व्यवस्थेचे झाले.