मल्हाररावांचा खटला आणि प्रेक्षकाची खुर्ची

बडोद्यात आमच्या गोतावळ्यात सध्या एकाच विषयावर वाद चालू आहे. माझा भाचा आणि त्याचे नाटकवाले मित्र बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर १८७५ साली चाललेला विषप्रयोगाचा खटला उभा करू पाहताहेत. रंगमंच नाही, पडदा नाही. प्रेक्षक दालनांमधून फिरणार, साक्षीदारांना प्रश्न विचारणार आणि शेवटी निकाल देणार. ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "ज्या घराण्याचं मीठ खाल्लं, त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं, तेही तिकीट लावून?"

आधी खटला थोडक्यात सांगते, कारण बडोद्याबाहेर तो फारसा कुणाला आठवत नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरनं सकाळी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि बाकीचं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ होता. तपासणीत सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड सापडली. रेसिडेंट आणि महाराज यांचं हाडवैर सगळ्यांना ठाऊक होतं. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांचं चौकशी कमिशन बसलं. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. बचावासाठी लंडनहून नामांकित वकील सार्जंट बॅलंटाइन आले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरवलं, तिघा हिंदी सदस्यांनी आरोप सिद्ध मानला नाही. तीन विरुद्ध तीन. एप्रिलमध्ये सरकारनं महाराजांना तरीही पदच्युत केलं, कारण दिलं गैरकारभाराचं. मद्रासेला नेलेले मल्हारराव १८८२ साली तिथेच वारले. गादीवर आले कवळाण्याचे गोपाळराव, म्हणजे आपले सयाजीराव.

मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. चेटकिणींच्या खटल्यांसाठी ओळखलं जाणारं सेलम गाव इथून जवळ आहे आणि तिथे असं नाटक १९९२ पासून चालू आहे. त्याचं नाव 'क्राय इनोसंट'. चेटकीण म्हणून १६९२ साली सर्वांत आधी फाशी गेलेल्या ब्रिजेट बिशपला भर रस्त्यात पकडतात, गर्दी तिच्यामागोमाग जुन्या टाउन हॉलमध्ये जाते आणि प्रेक्षकच चौकशीचे पंच होतात. साक्षी जुन्या कागदपत्रांवरून घेतलेल्या. कुणीही उठून प्रश्न विचारावा, मग हात वर करून मत द्यावं. मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा मला एकच गोष्ट अस्वस्थ करत राहिली. आपल्याला ज्या जागी बसवतात, ती चूक करणाऱ्यांची जागा असते. शेजारीपाजारी, देवभीरू, शहाणी माणसं. त्यांनीच एकोणीस जणांना फासावर चढवलं. ते बाक उबदार वाटत नाहीत, आणि हेच त्या नाटकाचं बळ आहे.

सेलमचं सगळंच अनुकरणीय नाही. ऑक्टोबरमध्ये ते गाव टोकदार टोप्यांनी भरून जातं. पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवरची चेटकीण आहे. ज्या बायकांनी शेवटपर्यंत "आम्ही चेटकिणी नाही" म्हटलं, त्यांच्या नावावर चेटकिणीचेच बिल्ले विकले जातात. आत्याबाईंची भीती ही असेल तर ती अगदी खरी आहे. पण त्याच राज्याच्या विधिमंडळानं २००१ साली ब्रिजेट बिशपचं नाव घेऊन तिला निर्दोष ठरवलं. उरलेल्या एका बाईसाठी शाळकरी मुलांनी पाठपुरावा केला, तिचं नाव २०२२ मध्ये निष्कलंक झालं. गाव तो खटला बंद करत नाही, पुन्हापुन्हा उघडून बघतं. हे मला बडोद्यात हवं आहे.

"तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय?" असं भाच्याच्या वडिलांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. सेलमच्या खटल्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. बडोद्यात राजघराणं आजही आहे, आणि रावपुऱ्यात दुकान चालवणाऱ्याला शेजाऱ्यांशी रोज बोलावं लागतं, मला नाही. म्हणूनच म्हणते की महाराजांना हुतात्माही करू नका. विषाच्या आधीच, १८७३ साली, त्यांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी झाली होती. रयतेच्या त्या तक्रारी आपल्या अभिमानासाठी पुसून टाकायच्या नाहीत.

माझा भाच्याशी मतभेद वेगळ्याच ठिकाणी आहे. प्रवेशद्वारात प्रत्येकाच्या हाती पपनसाच्या सरबताचा पेला द्यायचा, अशी त्याची कल्पना आहे. अंगावर काटा येईल, मान्य. पण पेला हातात आला की प्रेक्षक कर्नल फेअर होतो. सगळी कथा त्याच्या घशातून, त्याच्या संशयातून सुरू होते. आपल्या शहराचा इतिहास आपण रेसिडेन्सीच्या, म्हणजे रेसिडेंटच्या बंगल्याच्या, व्हरांड्यातून का बघावा?

त्यापेक्षा प्रेक्षकाला नोकरांच्या ओळीत उभं करा. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी, जमादार नरसू, आया अमीना यांच्या साक्षींवर हा खटला उभा होता. रावजीला माफी मिळाली, मग तो बोलला. नरसूनं कोठडीत असताना विहिरीत उडी घेतली. महाराजांचा खासगी चिटणीस दामोदरपंत गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात होता आणि माफीच्या आश्वासनावर त्यानं सगळं कबूल केलं. हे खोटं बोलले की खरं, मी सांगू शकत नाही. पण वादात राजाच्या अब्रूबद्दल तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कुणीही या माणसांचं नाव काढलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि निकाल? सेलममध्ये मत देऊन प्रेक्षक मोकळा होतो, कारण आज कुणीच ब्रिजेटला चेटकीण मानत नाही. बडोद्याचा खटला त्याहून कठीण आहे. सहा खुर्च्यांवर प्रेक्षकांनाच बसवा, त्यांना खरंच भांडू द्या, मतं मोजा. मग सरकारचा पदच्युतीचा हुकूम वाचून दाखवा, त्यांच्या मताची दखल न घेता. १८७५ साली तसंच झालं.

जागा म्हणून बडोद्यातल्या न्यायमंदिर या जुन्या इमारतीचं नाव निघालंय. इमारत देखणी आहे, पण ती १८९६ ची, सयाजीरावांच्या काळातली. तिथे प्रयोग झाला तर हा खटला तिथेच चालला, असं मुलांच्या मनात बसेल. कॅम्पाच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी छावणीच्या, बाजूचं एखादं साधं मैदान आणि तंबू मला जास्त प्रामाणिक वाटतात.

एक नियम मात्र भाच्यानं मान्य केलाय, त्याचा मला आनंद आहे. प्रेक्षक काहीही विचारू शकतील, पण साक्षीदाराचं काम करणारा नट कमिशनच्या छापील कामकाजात जे आहे तेवढंच उत्तर देईल. तिथे उत्तर नसेल तर तो गप्प राहील, आणि हे आत शिरण्याआधीच प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं जाईल.