"साधाच हळद्या दाखवला" या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या पक्षी बघायच्या सहलीवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. जीप उशिरा आली आणि चहा गार होता त्याबद्दल सॉरी, मनापासून. त्यावर मी काही बोलत नाही. पण "काळ्या मानेचा हळद्या म्हणून साधाच हळद्या दाखवला, गाईडला पक्षी ओळखता येत नाही, चक्क फसवणूक आहे" हे जे लिहिलंय ते वाचून मला गप्प बसवेना, म्हणून जरा लांब लिहितेय, राग मानू नका.

पुरावा म्हणून तुम्ही दोन फोटो टाकलेत. पहिला समोरून आहे, पक्षी सरळ कॅमेऱ्यात बघतोय. आता समोरून दोघं सारखेच दिसणार ना सर, पिवळंधमक अंग, गुलाबी चोच, डोळ्यातून गेलेला काळा पट्टा. तुमचं म्हणणं की पट्टा तर साध्या हळद्याला पण डोळ्याच्या मागे जातो. जातो की, कोण नाही म्हणतंय! पण साध्याचा थोडा मागे जाऊन थांबतो, मान मागून पूर्ण पिवळी राहते. काळ्या मानेच्याचे दोन्ही बाजूंचे पट्टे मागे जाऊन मानेवर एकमेकांना मिळतात, मागून बघितलं तर डोक्याला काळी रिबन बांधल्यासारखी दिसते. म्हणजे खरी भानगड मानेच्या मागे आणि तुमचा फोटो चोचीचा. त्या एका फोटोवरून पक्षी ओळखायच्या ॲपने आणि ग्रुपवरच्या लोकांनी इंडियन गोल्डन ओरिओल, म्हणजे साधा हळद्याच, सांगितलं तर त्यात त्यांची पण चूक नाही, कॉमन आहे तो, कुणीही आधी तेच नाव घेणार.

आता दुसरा फोटो बघा, तुम्हीच टाकलेला. मान पानाआड आहे पण मिटलेला पंख मस्त दिसतोय. साध्या हळद्याच्या नराचा पंख काळाकुट्ट असतो, त्यात एक पिवळा ठिपका आणि मागच्या पिसांना पिवळ्या कडा, बस. तुमच्या फोटोत खांद्यापासून अर्धा पंख पाठीसारखाच पिवळा आहे, काळं आहे ते खालच्या पिसांना. चोच पण जाड आहे, ती झूम करून साध्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा. उंबराच्या सावलीत साध्याची मान सुद्धा कधी कधी काळपट वाटते, हे मान्य, म्हणूनच आमचा गाईड नुसत्या मानेवर जात नाही, पंख आणि चोच दोन्ही बघून मगच नाव घेतो.

तो गाईड माझा भाचा आहे, लपवायचं काय त्यात. पक्षी फळ खायला खाली वाकत होता तेव्हा मान स्वच्छ दिसत होती आणि पोरगा हळू आवाजात "सर, मान बघा, मान" असं सांगत होता, तेव्हा तुम्ही कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आधीचेच फोटो तपासत होता. चालतं, सगळेच करतात. पण मग "मला मान दाखवलीच नाही" असं कसं लिहिता? आणि थोड्या वेळाने त्याच झाडावर मादी आली, हिरवट पाठीची आणि पोटावर रेघा असलेली, तेव्हा त्यानेच स्वतःहून सांगितलं की ही साध्या हळद्याची मादी आहे. ज्याला फसवायचंय तो तिला पण काळ्या मानेचीच म्हणून खपवणार नाही का? पिल्लं असती तर मी एवढी ठामपणे बोललेच नसते, दोघांच्याही पिल्लांच्या पोटावर रेघा असतात आणि मानेवरची पट्टी धड उमटलेली नसते, तिथे आमचा पोरगा सरळ "नक्की सांगता येत नाही" म्हणतो. त्याबद्दल पण एकाने स्टार कापलेत, ते असो.

स्पीकरचं सांगायचं राहिलं. "गाईड उद्धट" लिहिलंय तुम्ही, पण त्याने फक्त मोबाइलच्या स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका म्हटलं, ते बुकिंगच्या मेसेजमध्ये पण असतं. पक्षी खाणं सोडून आवाजाच्या मागे फिरतो, आणि तसंही इथे आवाजावरून काही ठरलं नसतं, दोघंही बासरीसारखी शीळ घालतात आणि चिडले की मांजरासारखे ओरडतात.

आणि तो "साधाच" शब्द मला जास्त लागला खरं तर. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३२ साली आपल्या दख्खनच्या पक्ष्यांचं वर्णन करताना या साध्या हळद्याला शास्त्रीय नाव दिलं, पुढे बरीच वर्षं त्याला युरोपातल्या गोल्डन ओरिओलची पोटजात धरत होते, आता वेगळी जात मानतात. तिथेही डोळ्याचा पट्टाच बघतात बरं का, युरोपवाल्याचा डोळ्यापाशीच संपतो. काळ्या मानेचा येतो तो पार चीन-कोरियाकडून हिवाळ्यापुरता, आणि पश्चिम घाटात फार संख्येने नसतो, म्हणून आम्ही गॅरंटी कधीच देत नाही, दिसला तर दिसला. तुम्हाला दिसला. मला तर वाटलं होतं पाच स्टार येतील.

जीपवाल्याशी बोललेय, चहासाठी मोठा थर्मास बघतोय, बाकी पण काय काय करायचं ते पुढच्या सीझनच्या आत करू. भाच्याने मोबाइलवर मागून काढलेला एक फोटो आहे, जरा हललाय पण मान दिसते, तुमच्या बुकिंगच्या नंबरवर पाठवलाय. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, जीपचे आणि चहाचे स्टार खुशाल कापा, पण फोटो बघून झाल्यावर "फसवणूक" तेवढं एडिट करता आलं तर बघा, आमची हिवाळ्याची बुकिंगं याच दिवसांत येतात आणि लोक पहिला तोच रिव्ह्यू वाचतायत.