घोडा तुमचा, अक्कल सगळ्यांची

घोडा घेतलात, अभिनंदन. सारंगखेड्याच्या यात्रेतून पंचकल्याणी मारवाडी आणलात की शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात पदरात पाडून घेतलात, याने काही बिघडत नाही. पुण्याच्या आसपासच्या एखाद्या तबेल्यात तो महिन्याच्या बोर्डिंगवर बांधलात की तो एकट्या तुमचा राहत नाही. शेजारच्या ठाणांचे मालक, त्यांच्या मुली, शनिवारी हवा खायला येणारे भावोजी, रायडिंग शिकवणारे सर आणि सगळं बघून झालेले एक काका, या सर्वांचा त्याच्यावर हक्क लागतो. या गोतावळ्यात मानाने नांदायचं तर तिथले रिवाज आधी शिकून घ्या.

सगळ्यात मोठा रिवाज चंदीचा, म्हणजे घोड्याच्या रोजच्या दाण्याचा. चंदी डब्याने मोजायची, काट्याने कधीही नाही. दोन लिटरचा डबा हरभऱ्याने भरला तर त्यात दीड किलो बसतो, ओटने भरला तर किलोच्या आत-बाहेर, आणि गव्हाच्या कोंड्याने भरला तर जेमतेम अर्धा किलो. पण डबा तो डबा. सईसाला (घोडा सांभाळणाऱ्या माणसाला) ‘दोन डबे’ एवढंच सांगून गाडीत बसा. हरभरा कोरडा मोजायचा की भिजवलेला, हा खुलासा तर मुळीच करू नका. रात्रभर भिजलेला हरभरा फुगून दुपटीच्या आसपास जातो, त्यामुळे सकाळचा सईस कोरडे दोन डबे म्हणजे तीन किलो घालेल, आणि संध्याकाळचा भिजवलेले दोन डबे म्हणजे त्याच्या निम्मा. घोड्याला तेवढाच बदल.

साडेचारशे किलोच्या घोड्याला एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दाणा घालू नये, असं डॉक्टर सांगतात. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने चिमुकलं, दहा-पंधरा लिटरचं. जास्तीचा दाणा न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो, आणि मग पोटशूळ नाहीतर लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतला दाह. वर घोड्याला ओकता येत नाही, गेलं ते गेलं. डॉक्टर सांगोत. ‘दाणा कमी पडला की घोड्यात दम राहत नाही’ हे काकांचं वाक्य त्याहून जुनं आहे.

दाण्यावर एवढा खर्च केल्यावर गवतावर हात आखडता घ्यायला हरकत नाही. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे या घोड्याला रोज सात ते नऊ किलो, हा हिशेब फक्त ऐकायला बरा. गवताने पोट सुटतं आणि फोटोत वाईट दिसतं. तेव्हा संध्याकाळी सातला एक पेंढी टाका आणि सकाळी सहापर्यंत गव्हाण रिकामी ठेवा. जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं. चघळणं थांबलं की लाळ थांबते, आणि लाळ थांबली की ते आम्ल जठराच्या अस्तरावर काम सुरू करतं. महिन्या-दोन महिन्यांत घोडा दाराची फळी दातात धरून हवा ओढायला लागेल. त्याला ‘वाईट खोड’ म्हणा, विकणाऱ्याला शिव्या घाला आणि घोड्याच्या गळ्याला चामडी पट्टा आवळा. गवतापेक्षा पट्टा महाग पडतो, पण तो एकदाच घ्यावा लागतो.

कोंड्याचा गरम मॅश मात्र रोज हवाच, त्यात माया दिसते. कोंड्यात कॅल्शियमच्या दसपट फॉस्फरस असतो. रोज किलो-दोन किलो कोंडा घालत राहिलात तर शरीर ती तूट हाडांतून भरून काढतं आणि नाकाच्या वर दोन्ही बाजूंची हाडं फुगतात. तोपर्यंत ‘चेहरा भरला’ म्हणून सगळे कौतुक करतील.

दुसऱ्याच्या घोड्याला खाऊ घालणं हा तुमचा हक्क आहे. ज्या ठाणावर ‘काहीही देऊ नये’ अशी पाटी आहे, तिथे गुळाचा खडा जरा मोठा द्या. पाटी लावणारा मालक चिकट असणार. त्या घोड्याचे खूर गेल्या महिन्यात लॅमिनायटिसने तापले होते आणि त्याची साखर बंद आहे, हे पाटीवर कुठे लिहिलंय? आठवडाभराने तोच घोडा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खिशाला तोंड लावेल, एखाद्याचं बोटही धरेल. तेव्हा त्याला शिस्त नाही, हे सांगायला तुम्ही तिथे असा.

सामानाच्या बाबतीत तबेला म्हणजे एकत्र कुटुंब. खराऱ्याचा ब्रश, सॅडल पॅड, तंग (खोगिराचा पोटपट्टा), जे हाताला लागेल ते उचला. शेजारच्या घोड्याच्या पाठीवर रुपयाएवढे केस गेलेले गोल चट्टे असतील तर त्याचाच ब्रश निवडा. गजकर्ण माणसालाही होतं, त्यामुळे पंधरवड्यात सगळ्या तबेल्याला बोलायला एक विषय मिळतो.

तंग एका दमात शेवटच्या भोकापर्यंत ओढायचा. पोट फुगवणं घोड्याला येतंच. चार पावलं चालून त्याने हवा सोडली की खोगीर तुमच्यासकट कुशीला येईल. तंग दोन-तीन टप्प्यांत आवळावा, मध्ये थोडं चालवावं, कोपरामागे चिमटलेली कातडी मोकळी करावी, आणि रिकिबीत पाय घालण्याआधी पुन्हा एक बोट घालून बघावं, हे ज्यांना वेळ आहे त्यांनी करावं. बांधतानाही दोर थेट लोखंडी कडीला आणि गाठ पक्की. कडीला आधी सुतळीचा फास अडकवून त्यात दोर बांधला तर घोडा बिचकून मागे हटताना सुतळी तुटते आणि त्याची मान वाचते. पण मग घोडा सुटतो, आणि लोक हसतात.

आता व्यायाम. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, हे कोडं शाळेत सगळ्यांना घातलेलं असतं. तुम्ही उत्तर विसरा. सोमवार ते शनिवार घोडा ठाणबंद ठेवा, पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या मोकळ्या आवारात, सोडला तर अंगाला माती लागते. सुट्टी असली तरी चंदी पूर्ण घाला. रविवारी सकाळी आलात की थेट दौड. पंधरा-वीस मिनिटांत घोडा मागच्या पायांत आखडेल, घाम फुटेल, पुठ्ठे दगडासारखे होतील, आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर स्नायू तुटायला लागले म्हणून समजा. अशा वेळी त्याला जागेवर उभं करून डॉक्टरांना बोलवायचं असतं. पण ‘आळशी झालाय, चालवा त्याला’ असं म्हणणारा कोणी ना कोणी कुंपणावर बसलेला असतोच. त्याचं ऐका.

तबेल्याचं खरं वैभव बघायचं तर पोटशुळाच्या रात्री. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून कुशीकडे बघतोय, लीद नाही. पहिला येतो तो हिंग-ओवा घेऊन. दुसरा एरंडेल बाटलीने पाजायला घोड्याची मान वर धरतो. त्यातलं थोडं तेल फुफ्फुसात गेलं तर उद्या न्यूमोनियाही बघायला मिळेल. तिसऱ्याकडे गेल्या वेळचं उरलेलं वेदनाशामक इंजेक्शन असतं आणि तो ते डॉक्टरांना न विचारता ठोकतो. घोडा शांत होतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आत पीळ पडलेलं आतडं चार तास निवांत काळं पडत राहतं. चौथा त्याला तीन तास गोल फिरवतो. मग कोणाला तरी डॉक्टरांना फोन करायचं सुचतं. डॉक्टर विचारतात: नाडी किती? हिरड्यांचा रंग कसा? बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी होतात का? कुशीला कान लावून गुडगुड येते का? शेवटची लीद कधी? काय दिलंत, किती वाजता? जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजायला एक मिनिट पुरतं. स्वस्थ घोड्याची २८ ते ४४, साठच्या वर गेली तर धावपळ करायची. पण इतके जण जमलेले असताना ते एक मिनिट कोणाच्या वाट्याला यायचं? फोनवर सांगा, ‘अस्वस्थ आहे.’

घामेजलेल्या घोड्याला तासभर पाणी दाखवू नका, आणि अंगावर गार पाणी तर नकोच. एप्रिलच्या दुपारी त्याला उन्हात उभा करून आपोआप निवू द्या. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सतत गार पाणी ओतत राहायचं, सावलीत चालवायचं, थोडं-थोडं प्यायला द्यायचं, हे मोठ्या स्पर्धांमधले लोक करतात. त्यांना काकांचा सहवास लाभलेला नाही. डिसेंबरात मात्र बारा अंशाला जाड झूल घाला, तुम्हाला स्वेटर लागतो ना? झुलीखाली हात घालून घाम तपासायचा नाही.

नालबंद सहा आठवड्यांनी येऊ लागला तर त्याला परत पाठवा, नाल अजून झिजलेली नाही. खूर नालेखालीही महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढत असतो, पुढे लांबतो आणि पायामागची शीर ताणतो. पण त्याचं बिल डॉक्टरांच्या खात्यात जातं. जंताचं औषध प्रत्येकाने आपापल्या सवडीने आणि अंदाजाने द्यावं. डोस वजनावर ठरतो, आणि छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०, असं केलं की वजन किलोत निघतं (१७० आणि १५५ असेल तर ३७७ किलो). टेप स्वस्तात मिळते, म्हणून कोणाकडे नसते. डोस कमी पडला तर मरतात ते दुबळे जंत. उरतात ते औषधाला सरावलेले, आणि ते सामाईक पॅडॉकमधून सगळ्यांना सारखे मिळतात.

एवढं करून सईस महिनाअखेर दुसऱ्या तबेल्यात गेला, तर ग्रुपवर लिहा की हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत. नवीन आला की त्याला पहिल्याच सकाळी एकेकट्याने गाठा, आणि तुमच्या आधी गाठून गेलेल्या मालकाने काय सांगितलं ते विचारून घेऊन त्याच्या बरोबर उलट सांगा.