मावशीच्या गोळ्या बंद करणारा तो मेसेज

"म्या गोया बंदच करून टाकल्या बाप्पा. त्याच्यानं अंगातली शक्ती मरते म्हणे." मावशीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला मेथोट्रेक्सेट सोडून तीन आठवडे झाले होते. आमवात आहे तिला. हिंगणघाटजवळच्या तिच्या गावी गेलो, तर कापूस वेचणं सोडा, चहाचा कपही धरवत नव्हता. मग गावभर फिरलेला तो मेसेज ओळ न् ओळ वाचला.

त्यात म्हटलंय, प्रतिकारशक्ती कमजोर पडली की सांधे धरतात, म्हणून ती वाढवावी तितकी थोडी. धादांत खोटं! आमवातात शक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर चालून आलेली असते. आणि 'वाढवा' म्हणजे नेमकं काय वाढवा? अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींत लिन नावाचं एन्झाइम असतं. जंतू चिकटला की पेशीच्या ग्राहकावर, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरवर, फॉस्फेट बसवून तेच तिला जागं करतं. सीडी-22 या दुसऱ्या प्रथिनावरही तेच फॉस्फेट बसवतं; मग तिथं एसएचपी-1 हे एन्झाइम येतं आणि जागं करणारी फॉस्फेटं काढून टाकतं. बंडीवाल्याच्या एका हातात बैलांना टोचायची तुतारी, दुसऱ्या हातात कासरा, हाकणारा एकच. 1995 मध्ये लिनचं जनुक काढलेल्या उंदरांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. जागं करणारंच गेलं, तर पेशी थंड पडायला हव्या होत्या ना? उलट त्या उंदरांत स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या आणि मूत्रपिंडं सुजली. कासरा सुटला होता. मावशीला हा मेसेज बैलांना आणखी टोचायला सांगतोय.

गोळ्यांनी शक्ती दबते, हे अर्धं खरं आहे, मानतो. मेथोट्रेक्सेटनं जंतुसंसर्गाचा धोका वाढू शकतो, यकृतावरही ताण येतो. म्हणूनच आमवातात ती आठवड्यातून एकदाच देतात आणि मधूनमधून रक्त तपासतात. तपासणी चुकवू नका असं मेसेजात लिहिलं असतं, तर मीच तो पुढं पाठवला असता.

गुळवेलीच्या काढ्यानं 'काहीच अपाय नाही' हे मेसेजातलं म्हणणंही चूक. आपल्याकडे तापात ती पिढ्यान्‌पिढ्या देतात, ते ठीक. पण ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या 43 रुग्णांची नोंद भारतातल्याच डॉक्टरांनी केली आहे.

सोमवारी मावशीला वर्ध्याला नेतोय. तिच्या वेटाळातल्या आणखी दोघींनी गोळ्या सोडल्यात. त्यांनाही गाडीत बसायला सांगितलं आहे.