‘मातीत काय ठेवलंय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लाइनखालची माती आणि विजेचे सर्ज (वीज पडल्यावर तारेत क्षणभर उसळणारा प्रवाह आणि व्होल्टेज) या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही थोडं लांबणार आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. विजा पावसातच पडतात आणि तेव्हा जमीन भिजलेली असते, मग कोरड्या मातीचा विचार कशाला? अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या टेस्टरवर १० ओहम आले की विषय संपतो. एवढा मोठा प्रवाह मातीला फोडूनच आत जातो, त्यामुळे रोध आपोआप कमी होतो. आणि मुख्य म्हणजे, सड्यावरून (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावरून) जाणाऱ्या तुमच्या ११ केव्ही (किलोव्होल्ट) फीडरवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या लाइनवर, सगळ्या पोलांचं अर्थिंग नवं केलं, तरी मे महिन्यातलं ट्रिपिंग (लाइन आपोआप बंद पडणं) जराही कमी झालं नाही. त्यावरून तुम्ही निष्कर्ष काढलात की मातीचा इथे संबंधच नाही.

फीडरपासूनच सुरुवात करतो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. अर्थिंग सुधारूनही फरक पडला नाही, याचं कारणही ती मातीच आहे. फक्त ती पोलाखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यातली नसून लाइनच्या दोन्ही बाजूंना पसरलेली माती आहे.

११ केव्हीच्या लाइनवर वीज थेट पडली तर काळी माती असो की जांभा, इन्सुलेटर टिकत नाही. तारेवर काही हजार किलोव्होल्ट चढतात आणि इन्सुलेटरची आघात सहन करण्याची पातळी ७५ केव्ही असते. तिथे मातीने काही बदलत नाही, हे मान्य. पण थेट पडणाऱ्या विजांपेक्षा आजूबाजूला पडणाऱ्या विजा कितीतरी जास्त असतात. वीज शंभर-दीडशे मीटरवरच्या माडावर पडते आणि तिच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे तारेत व्होल्टेज निर्माण होतं. जमीन आदर्श वाहक मानली तर ते मोजायचं सोपं सूत्र असं: ३८.८ गुणिले प्रवाह (किलोअँपिअर) गुणिले तारेची उंची, भागिले अंतर. ३० किलोअँपिअर, ७.५ मीटर उंची आणि १०० मीटर अंतर धरा. उत्तर ८७ केव्ही येतं.

जमीन आदर्श वाहक कधीच नसते. वाहकता कमी असेल तर क्षेत्र जमिनीत खोल शिरतं, जमिनीलगत आडवं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि तेही तारेवरच्या व्होल्टेजमध्ये भर घालतं. विजेवरचे संशोधक दार्वेनिझा यांनी २००७ मध्ये यासाठी सोपी दुरुस्ती सुचवली: उंचीमध्ये मातीच्या रोधकतेच्या (माती प्रवाहाला किती अडवते याचं ओहम-मीटरमधलं माप) वर्गमुळाची ०.१५ पट मिळवायची. भिजलेल्या काळ्या मातीत, म्हणजे २० ओहम-मीटरला, ७.५ ची उंची ८.२ होते आणि व्होल्टेज ९५ केव्ही येतं. जांभ्यावर १,००० ओहम-मीटर धरले तर उंची १२.२ आणि व्होल्टेज १४२ केव्ही. आता उलटं गणित करा. ३० किलोअँपिअरची वीज किती दूर पडली तरी तारेवर ७५ केव्ही येतील? काळ्या मातीत सुमारे १२७ मीटर, जांभ्यावर सुमारे १९० मीटर. म्हणजे त्याच पोलांची, त्याच इन्सुलेटरची लाइन सड्यावर दीडपट रुंद पट्ट्यातल्या विजा अंगावर घेते. पोलाखालचा खड्डा कितीही चांगला केला तरी या पट्ट्यातली माती बदलत नाही. शिवाय ज्या लाइनला वर अर्थ वायर (जमिनीला जोडलेली संरक्षक तार) नाही, तिथे पोलाचं अर्थिंग तारेवरच्या व्होल्टेजला हातच लावत नाही.

माझ्या लेखातली एक चूकही तुम्ही दाखवलीत, ती याच भागातली आहे. रोधकता दुप्पट झाली की व्होल्टेज दुप्पट होतं, असं मी लेखात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. संबंध वर्गमुळाचा आहे आणि तोही उंचीत मिळवायच्या भागापुरता. लेखातलं ते वाक्य बदललं आहे, आभारी आहे.

आता पावसाचा मुद्दा. महाराष्ट्रात गडगडाटाचे दिवस मुख्यतः एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा, मग परतीच्या पावसाचे. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते, पण कडकडाट त्या मानाने कमी असतो. म्हणजे वर्षातल्या विजांचा मोठा वाटा जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच येतो. वळवाची एक सर फार तर वरची काही बोटं माती भिजवते, तर अर्थिंगच्या ३ मीटरच्या रॉडचा प्रवाह त्याच्या पूर्ण लांबीतून मातीत जातो. मराठवाड्यात मे महिन्यात एखाद्या खड्ड्याजवळ वाकून बघा. काळी माती आकसून रॉडपासून सुटलेली असते, भेगेत बोट सहज जातं आणि रॉडचा वरचा भाग नुसता हवेत उभा असतो. ऑगस्टमध्ये हाच खड्डा उत्तम रीडिंग देतो आणि रजिस्टरमध्ये तेच लिहिलं जातं. म्हणून मोजणी मे महिन्यात करावी, आणि काळ्या मातीत आडवी पट्टी भेगांच्या थराखाली, एक ते दीड मीटर खोल टाकावी.

माती फुटते, हेही खरं. सुमारे ४०० किलोव्होल्ट प्रति मीटरच्या वर मातीत ठिणग्या पडू लागतात आणि रॉड जणू जाड होतो. पण आकडे घालून बघा. १६ मिमी जाडीच्या, ३ मीटर लांब रॉडचा रोध साधारण रोधकतेच्या एकतृतीयांश असतो. १,००० ओहम-मीटरला ३३५ ओहम. १० किलोअँपिअर गेले की या ठिणग्यांमुळे (आयनीभवनामुळे) ते ७८ ओहमपर्यंत उतरतात. चौपटीहून जास्त घट! तरीही ७८ गुणिले १० म्हणजे ७८० केव्ही. काळ्या मातीत हाच रॉड ६.७ ओहमचा असतो आणि फुटून पावणेसहाचा होतो. वाईट मातीला या परिणामाची मदत जास्त मिळते, पण ती पुरत नाही. आणि लांब पुरलेल्या तारेत प्रवाह पसरून जातो, त्यामुळे तिथे ही मदत जवळपास मिळतच नाही. याशिवाय उच्च वारंवारतेला मातीची रोधकता स्वतःच घटते. १,००० ची माती १०० किलोहर्ट्झला साधारण साडेसातशेची वागते, तर १०० ओहम-मीटरच्या खाली हा फरक किरकोळ असतो.

मीठ-कोळशाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, म्हणून एवढंच: मीठ दोन-तीन पावसाळ्यांत वाहून जातं आणि जाताना जस्त चढवलेली लोखंडी (जीआय) पट्टी खाऊन जातं. बेंटोनाइट (ओल धरून फुगणारी माती) बरा, पण त्याच्या मर्यादा ओळखा. २०० मिमी व्यासाच्या भोकात रॉड ठेवून भोवती बेंटोनाइट भरला, तर वरचे ३३५ ओहम २०० पर्यंत येतात, कारण उरलेला रोध भोकाबाहेरच्या जांभ्यात असतो. शिवाय बेंटोनाइटमधलं खनिज आणि आपल्या काळ्या मातीतलं फुगणारं खनिज एकाच कुळातलं आहे. सुकला की तोही आकसतो.

१० ओहमचा आकडा टॉवर लाइनसाठी निरर्थक नाही. टॉवरच्या माथ्यावर वीज पडली की पायथ्याच्या रोधामुळे टॉवरच तारेपेक्षा वरच्या व्होल्टेजला जातो आणि इन्सुलेटरवरून उलटा फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ठिणगी टॉवरकडून तारेकडे उडते. ३० किलोअँपिअरला १० ओहम म्हणजे ३०० केव्ही, ५० ओहम म्हणजे १,५०० केव्ही. शेजारच्या टॉवरकडे अर्थ वायरमधून जाणारा वाटा यात वजा केलेला नाही. पण १० ओहम मोजलं कसं, हे विचारलंच पाहिजे. नेहमीचा टेस्टर शे-सव्वाशे हर्ट्झवर मोजतो. अर्थ वायर जोडलेलीच ठेवून मोजलं तर आजूबाजूचे टॉवर समांतर येतात आणि २ ओहम दिसतात. त्यासाठी सुमारे २५ किलोहर्ट्झचा टेस्टर वापरावा, नाहीतर लाइन रीतसर बंद करवून घेऊन अर्थ वायर सोडवून मोजावं.

कातळावर काउंटरपॉइज (टॉवरच्या पायथ्यापासून जमिनीत आडवी पुरलेली तार) टाकताना एकच १२० मीटरची तार ओढू नका. सर्जला सुरुवातीला त्या तारेचा दीडशे ओहमच्या आसपासचा सर्ज इम्पिडन्स (वेगाने चढणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा) दिसतो आणि जमिनीतली लाट मायक्रोसेकंदाला साधारण शंभर मीटरच जाते. टोकाकडच्या मीटरांचा परिणाम जाणवेपर्यंत शिखर येऊन गेलेलं असतं. चार दिशांना ३०-३० मीटर टाका. टेस्टरवर आकडा दोन्हीकडे वीस-पंचवीस ओहमच दिसेल, सर्जला मात्र सुरुवातीपासून चार वाटा समांतर मिळतील.

मातीची मोजणी अशी करा. चार खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोका. खोली अंतराच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नको. बाहेरच्या दोनमधून प्रवाह, आतल्या दोनवर व्होल्टेज. रोधकता म्हणजे ६.२८ गुणिले अंतर गुणिले रीडिंग. अंतर १, २, ४, ८ मीटर असं वाढवत न्या आणि एकदा काटकोनात फिरून पुन्हा मोजा. समजा १ मीटरला २.४ ओहम आले, तर रोधकता १५. ८ मीटरला ३.१ आले, तर १५६. आकडा असा चढत गेला की खाली कातळ आहे, रॉड ठोकण्यात पैसे घालू नका, आडवी पट्टी टाका. जांभ्यावर बऱ्याचदा उलटं दिसतं: वर हजार आणि खालच्या चिकणमातीत आकडा घसरलेला. तिथे बोअर घेऊन खोल जाणं परवडतं.

राहता राहिला तुमचा फीडर. सड्यावरच्या पट्ट्यात ११ केव्हीचे पिन इन्सुलेटर काढून जास्त आघात पातळीचे बसवा आणि उघड्या माळावरच्या पोलांवर तिन्ही फेजना अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीकडे वळवणारं साधन) द्या. अरेस्टर जितके जवळजवळ, तितका प्रेरित व्होल्टेजवर ताबा. रोहित्राजवळ अरेस्टरची अर्थ लीड (जमिनीकडे जाणारी तार) थेट रोहित्राच्या टाकीला जोडा, शक्य तितकी आखूड. अरेस्टर स्वतः ३० केव्हीच्या आसपास रोखतो, पण लीडच्या प्रत्येक मीटरला, १० किलोअँपिअर प्रति मायक्रोसेकंद चढाला, १० केव्ही वाढतात. ६ मीटर खाली वेगळ्या खड्ड्यात नेलेली लीड म्हणजे ६० केव्ही आणि वर त्या खड्ड्याचा रोध. ७५ केव्हीच्या रोहित्राला एवढं सोसत नाही. टाकीला जोडल्यावर वायंडिंगला तो रोध दिसत नाही. मात्र टाकी सर्जच्या वेळी वर जाते, म्हणून बॉडी आणि न्यूट्रलचे खड्डे जास्त नीट हवेत. आणि चालू लाइनवर अरेस्टरचं अर्थिंग कधीही सोडवू नका.

मे महिन्यात चार अंतरांची रीडिंग घेतलीत तर इथेच टाका. शेवटचा पाऊस कधी झाला होता तेही लिहा, त्याशिवाय आकड्यांवरून काही सांगता येणार नाही.