शंभरी भरली म्हणून वाडा सरकारजमा होत नाही, काका

परवा रात्री काकांचा फोन. "सोमवारी जेसीबी सांगितलाय, वाडा पाडून टाकू." का, तर भावकीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'वास्तूला 100 वर्षं झाली की ती पुरातत्त्व खात्याची. मग खिळा ठोकायलाही परवानगी. किल्लारीत दगडमातीची घरंच माणसांवर पडली. तसंही जुना वाडा कशाच्याच कामाचा नाही. वेळीच पाडा, स्लॅब टाका.' अंबाजोगाईचा आमचा वाडा पणजोबांनी बांधलेला. काकांनी बोटांवर वर्षं मोजली आणि घाबरले.

हे शंभरचं खूळ आधी काढू, कारण त्यापायी धडधाकट वाडे आडवे होतायत. प्राचीन स्मारकांसाठी केंद्राचा 1958 चा कायदा आहे. 100 वर्षं ही त्यात फक्त किमान वयाची अट. वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची वाटली तर सरकारला आधी राजपत्रात दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते, तिची प्रत वास्तूजवळ लावावी लागते, आणि त्या मुदतीत हरकत घेता येते. वाढदिवस झाला आणि सातबारा बदलला, असं होत नाही. आपल्या दारावर चिकटलंय का काही? गेल्या दिवाळीची रांगोळी तेवढी आहे.

अर्धं खरं इतकंच, की संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण त्या 100 मीटरमध्ये तर पाडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा! जुन्या घराच्या दुरुस्तीला अर्ज करता येतो, मोकळ्या झालेल्या जागेवर नवं उभं राहत नाही.

किल्लारीचं नाकारत नाही. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती. आमच्याकडे त्यावर कुणी थट्टेनं बोलत नाही. पण भिंती का फुटल्या? दगडाचे दोन पदर, मध्ये माती आणि खांडक्या, दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाचा, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराचा, मातीचा ढीग, दरवर्षी वाढत गेलेला. त्यावर इलाज आहे: माळवदावरची माती उतरवून हलकं करा, भिंतीत आरपार दगड बसवा, वरून पट्टा बांधा. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोची मार्गदर्शक तत्त्वं त्याच 1993 साली निघालेली आहेत. आणि स्लॅब म्हटला की भूकंप घाबरतो, हे कुणी सांगितलं?

दुरुस्ती म्हणजे सिमेंट थापणंही नव्हे. तीन वर्षांपूर्वी मागची भिंत आम्हीच सिमेंटनं गिलावली. ओल आत कोंडली, लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागला, पोपडे सुटले. शेजारची चुन्याची भिंत जशीच्या तशी.

'कामाचा नाही' यावर काय बोलायचं? छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालात राज्य पुरातत्त्वचं वस्तुसंग्रहालय आहे. तेवढं लांब कशाला, आपल्याच ढाळजेत, दाराशेजारच्या बैठकीत, चुलतभावानं अभ्यासिका थाटलीय. गल्लीतली पोरं भर मे महिन्यात तिथे बसतात, पंख्याविना. साण्यातून, छपरातल्या झरोक्यातून, उजेडाचा कवडसा पडतो तो वहीवर यावा म्हणून जागेसाठी भांडतात. उंबऱ्याचा दगड मधोमध वाटीसारखा झिजलाय, नवं पोर हमखास अडखळतं. तो बदलू नका म्हणून काकूच अडून बसली होती.

काकांनी आज जेसीबीवाल्याला थांबवलंय. आता दिवसभर एकच प्रश्न: दोन हजारांचा विसार परत मिळेल का?